गावाच्या वतीने

काळाचौकीच्या आमच्या गावमंडळाच्या खोलीत शिरल्यावर सावंत तात्या आधी दोनांतली एक ट्यूब बंद करत आणि मग चपला काढत. "एकीत तोंडं दिसतात ना? पुरे. कुठेतरी कोळसा जळतोय." वीज कंपनीच्या नियोजन विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मंडळाचे ते अध्यक्ष, मी खजिनदार.

आमचं गाव कोकणातलं, समुद्राकाठचं. कमावते सगळे लालबाग-परळात, गावात म्हातारी माणसं. त्यामुळे देवळाचा पत्रा असो की शाळेची भिंत, ठरायचं मुंबईत. गावाला नंतर कळवायचं. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

गावालगत कोळशावरचा वीज प्रकल्प यायचा होता, तेव्हाही बैठक याच खोलीत झाली. तात्या बोलू लागले की ऐकत राहावं. "कारखाने हवेत, पोरांना नोकऱ्या हव्यात. मग वीज कुठून आणणार? आभाळातून पडते ती कामाची नाही! तेल तर बाहेरचं. तिकडे लढाई पेटली की इकडे चुली विझणार. कोळसा निदान आपल्या जमिनीतला आहे."

मागून आमच्यातलाच बबन म्हणाला, "तात्या, आणि राख कुठे टाकणार?"

"तुझ्या डोक्यावर नाही टाकत रे! विटा होतील, सिमेंटात जाईल."

खोली हसली. मीही हसलो. प्रकल्पाचे आकडे मी स्वतः तपासले होते. राखेचा आकडा मात्र मागितला नव्हता. सगळ्यांचे हात वर झाले आणि गावाच्या वतीने होकार गेला.

प्रकल्प उभा राहिला. वीज झाली, कारखान्यांना मिळाली. तात्यांचं ते गणित खरं ठरलं. पण विटांना लागली त्याहून राख फार उरली. तिचा तलाव खालच्या वाडीच्या डोक्यावर बांधला आणि पुढे वाडीच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी बिघडलं. बायका पलीकडच्या वाडीतून हंडे आणू लागल्या. आम्हाला कुणी बोल लावला नाही. शिमग्याला गेलो की चहा पुढे येई, त्याच लांबून आणलेल्या पाण्याचा. तात्यांनी तो घेणं सोडलं.

गेल्या शिमग्याला पालखी तात्यांच्या अंगणात आली. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्याला थांबवून ते स्वतः पुढे झाले. "बा देवा म्हाराजा, गावाक न इचारता आमी मुंबयत बसान हात वर केले. ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. आम्ही मुंबईकरांनी ते जोरात म्हटलं. गावातलं कुणीच म्हणालं नाही.

खालच्या वाडीच्या ताईकाकी, तात्यांच्या चुलतीच, पुढे आल्या. "तात्या, देवाक कित्या सांगतंस? देव बावीर पाणी भरूक येता काय? सांगूचा तर आमका सांग."

तात्या पालखीकडे पाठ करून वळले. हात जोडले. पालखी उठली तेव्हा ते काकींच्या मागोमाग खालच्या वाडीकडे निघाले.

परतीच्या दिवशी गाडीत त्यांची जागा रिकामी होती. ते रस्त्याकडेला उभे होते. मी खाली उतरून विचारलं, "तात्या, किती दिवस राहणार?"

"काकीला विचारून सांगतो," ते म्हणाले.

काकींचं घर रस्त्यावरून दिसत होतं. तिथवर जायला वेळ होता. आम्ही गेलो नाही. सोमवारी सगळे कामावर हजर होतो.