पेणला बंद, रोह्याला चालू

खांबच्या सगुणाला एक खोड आहे, 'का?' विचारण्याची. लहानपणी त्यापायी आईचा मार खाल्ला, लग्नानंतर सासूचे टोमणे ऐकले, पण खोड काही गेली नाही. नवरा जगन रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. त्यानं हौसेनं जुनी डिझेल गाडी घेतली आणि ती दारात नुसती धूळ खात पडली, तेव्हा "उभी का राहते?" म्हणत हिनंच लायसन काढलं. गावानं हसून घेतलं. बाई गाडी चालवणार म्हटल्यावर भाड्यानं बसणार कोण?

बसली ती शेजारच्या आळीतली म्हातारी इंदुबाई. "मला आठवड्यातनं दोनदा पेणला डायलिसिसला जावं लागतं. तू चालव गो, मी बसते," म्हणाली आणि बसली. मग बाकीचेही बसायला लागले. हे उपकार सगुणा विसरली नाही. इंदुबाईसाठी ती खड्डा न् खड्डा चुकवायची. डिझेलच्या वासानं म्हातारीला मळमळायचं, त्याचाही बंदोबस्त तिनं आपल्या हातानं केला होता.

आणि नेमकी तीच गाडी पेणच्या वाटेवर दगा द्यायला लागली. नागोठणं मागं पडलं की जोर कमी व्हायचा, दोन-तीन आचके, की बंद. अर्धा तास कडेला उभी करा, पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही! रोह्याला मात्र कितीही वेळा जा, बयेचा एक नखरा नाही. आता ह्याला काय म्हणायचं?

म्हणणाऱ्यांना काय तोटा? कोणी म्हणालं, नागोठण्याच्या पुलापाशी नारळ फोड. सगुणानं फोडला, खोबरं काही वाया जात नाही. जगन म्हणाला, "तिलापण माझ्यासारखी कंपनीची सवय लागली, रोह्याच्या पुढं जायचं नाय." सगुणाला हसू आलं नाही. पेणला का आणि रोह्याला का नाही, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

रामवाडीच्या गॅरेजवाल्या अहमदभाईंनी फिल्टर बदलला, पंप खोलला, मशीन लावून बघितलं, वडखळपर्यंत चार फेऱ्या मारल्या. अहमदभाई म्हणजे हाताला गुण असलेला माणूस, उगाच थापा मारणारा नव्हे. पण तेही हात पुसत म्हणाले, "वैनी, हिच्यापेक्षा मीच आजारी हाय. हिला कायपण झालेलं नाय."

पुढच्याच मंगळवारी वडखळच्या अलीकडे गाडी बंद पडली. इंदुबाईचे पाय सुजलेले, श्वास लागलेला. तिला अनोळखी माणसाच्या गाडीत बसवून पुढं पाठवावं लागलं, तेव्हा सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिझेल तरी आहे का बघू म्हणून तिनं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. आणि किल्ली फिरवताच गाडी चालू, अर्धा तास थांबायची गरजच पडली नाही!

संध्याकाळी इंदुबाईचा मुलगा निलेश दारात उभा. "काकी, राग मानू नका. शुक्रवारपासून आईला मी दुसरी गाडी सांगितलीय." राग कसला मानणार? तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तेलाचा नवा डबा काढला, वर खिळा ठोकून एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल गुडगुड करत आलं, थबकलं, पुन्हा गुडगुडलं. सवयीनं तिनं दुसरं भोक पाडायला खिळा उचलला आणि हात तसाच राहिला. दुसरं भोक का पाडतात? आत हवा जावी म्हणून. हवा गेली नाही तर तेल बाहेर येणार कसं?

"अगो बाय माझे!"

डबा तसाच टाकून ती गाडीकडे धावली. मागच्या चाकाच्या वर, टाकीच्या तोंडाजवळ एक बारीक नळी होती. डिझेलचा वास तिथूनच यायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनंच त्या नळीत रबराचं बूच कोंबून वर तार आवळली होती. टाकीचं दुसरं भोक तिनंच बुजवलं होतं! रोहा जवळ, तेवढ्यात टाकीचा जीव घुसमटत नव्हता. पेण लांब, म्हणून वाटेतच बंद; अर्धा तास उभी राहिली की झाकणाच्या फटीतून हवा थोडीथोडी आत झिरपायची. फोनवर अहमदभाईंनी कपाळावर हात मारलेला ऐकू आला. "मी दरवेळी झाकण उघडून डिझेल बघायचो, मगच गाडी बाहेर काढायचो. मीच तिला हवा पाजत होतो, वैनी!"

बूच निघालं. नळीला लांब पाइप जोडून तिचं तोंड गाडीच्या मागच्या टोकाला नेलं. मग सगुणा सरळ इंदुबाईच्या घरी गेली आणि काही न लपवता म्हणाली, "चूक माझीच होती. तुमच्या भल्यासाठी केलं आणि तुमच्याच जिवावर बेतलं." निलेश म्हणाला, "गाडी नीट झाली असं तुम्ही मागं तीनदा सांगितलंत, काकी." ते खरंच होतं.

शुक्रवारी इंदुबाई दुसऱ्या गाडीतून निघाली. सगुणानं आपली रिकामी गाडी काढली आणि मागं लागली. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, गाडी पेणपर्यंत बिनतक्रार आली. मग हॉस्पिटलच्या आवारात ती चार तास बसून राहिली. कशासाठी, हे तिनं स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

इंदुबाई बाहेर आली ती निलेशच्या खांद्यावर भार टाकून, पार गळून गेलेली. दुसऱ्या गाडीचं दार उघडं होतं. ती त्या दारापुढून चालत आली आणि सगुणाच्या गाडीत बसली.

"आये, अगो!" निलेश म्हणाला.

"येताना सगळा रस्ता मागं वळून बघत होते मी," इंदुबाईनं डोळे मिटले. "माझी मान दुखली, पण ही कुठं थांबली नाय. चल गो सगुणा."