डाव्या हाताचं उत्तर

दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी आमचे हेडमास्तर मुलांची तालीम घेत. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. शिक्षकाने उजवा हात बघून मूल उठवायचं. ठाण्याच्या खाडीकडची आमची प्राथमिक शाळा. टेंभी नाक्याच्या सुखवस्तू घरांतली मुलं पुढे बसत, मिठागरात काम करणाऱ्यांची मागे, आणि मागच्यांना सरसकट डावा हात सांगितलेला. मला या प्रकाराची भयंकर चीड होती. पण स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झालेली, मी नोकरीत नवी, आणि मला कायम करायचं की नाही हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

साहेबांनी माझ्या तिसरीच्या वर्गाला ढगांचे प्रकार विचारले. पुढच्या मुलाने तंतुमेघ, पुंजमेघ, स्तरमेघ असं धडाधड म्हणून दाखवलं.

"शाब्बास. मग आत्ता आकाशात कोणता आहे?"

मुलगा पुस्तकातलं चित्र शोधू लागला. उजवे हात भराभर खाली आले. मागचे डावे हात मात्र हुकमाप्रमाणे वरच होते. या मुलांना मी मिठागरावर नेऊन, ओली पाटी उन्हात वाळवून ढग शिकवले होते. हेडमास्तर डोळे वटारत असताना मी मागची एक मुलगी उठवली.

"बाई, भायेर जाऊन बगू?" म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत जाऊन आलीसुद्धा. "मिठाच्या राशीवानी हान. पुंजमेघ. त्यांनी मीठ भिजत नाय."

"आणि ढग होतात कसे?" साहेबांनी तिला विचारलं.

"खारं पानी उन्हानं वर जातं, मीठ आपल्याला ऱ्हातं. वर गार परलं का त्याचं ढग व्हतान."

मला टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांनी शेरेबुक मागवलं. भाषा अशुद्ध, वर्गाला शिस्त नाही, बाईंना कायम करण्याचा विचार पुढल्या वर्षी.

साहेब चहाला बसले तेव्हा हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, शेऱ्याखाली लिहा, चूक मान्य, सुधारणा करते. मी शब्द टाकतो. अजून जमेल."

मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, "शेरा वाचला. मुलीचं उत्तर बरोबर होतं." खाली ठसठशीत सही केली, आणि वही स्वतः साहेबांच्या हातात नेऊन दिली.