मधलं रूप जावेकडे

पोटासाठी परक्या भाषेतली क्रियापदं घोकायची वेळ तुमच्यावर कधी आलीय? नाही ना? मग हसू नका.

आमच्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीतली धाकटी सध्या हेच करतेय. धाकटी म्हणायचं कारण, तिची थोरली जाऊही तिथंच कामाला. दोघी चादरीची दोन टोकं धरून घड्या घालतात. थोरली कायम झालेली, धाकटी अजून कंत्राटी. त्यातच वरून हुकूम आला: पाळीत काय बिघडलं, काय फाटलं ते इंग्रजीत सांगता आलं तरच नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. मळक्या चादरींना कुठली इंग्रजी कळते, ते हुकूम काढणाऱ्यालाच ठाऊक!

पण दोघी हिकमती. काम करता करता पाठांतर सुरू झालं. चादर ताणताना धाकटी म्हणायची, "ब्रेक!" टोकं जुळवताना थोरली, "ब्रोक!" शेवटची घडी घालताना धाकटी, "ब्रोकन!"

"अगं, जरा दमानं. माझी कंबर होईल ब्रोकन."

"होऊ दे जाऊबाई, नोकरी वाचू दे."

परीक्षेला साहेबांनी विचारलं, "काल मशीन बिघडलं. सांगा इंग्रजीत."

"मशीन ब्रेक..." धाकटी थांबली. हात हवेत. समोर जाऊबाईंऐवजी साहेब. "...ब्रोकन."

"आणि मधलं?"

"ते जाऊबाई म्हणतात, साहेब."

दाराबाहेर कान लावून उभ्या थोरलीला राहवेना. "ब्रोक!" ती बाहेरूनच ओरडली.

झालं! म्हणे परीक्षेत कॉपी. थोरलीची पाळी बदलली, दोघींची ताटातूट केली. मी युनियनचा माणूस, साहेबांच्या टेबलावर जाऊन हात आपटला, तेव्हा कुठं गुरुवारी फेरपरीक्षा मिळाली.

आता धाकटीला घडी घालायला नवी बाई मिळालीय, तिला इंग्रजीचं वावडं. धाकटी एकटीच पुटपुटते आणि दर वेळी मधोमध अडकते, जणू पलीकडून कुणी बोलेल.

तुम्हाला इंग्रजी येत असेल, तर गुरुवारपर्यंत दुपारच्या सुट्टीत लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी या. चादरीचं दुसरं टोक धरा. ती चुकली तर नंतर सांगा. पण मधलं रूप तिचं तिला येईपर्यंत, हात जोडतो, तोंड गच्च मिटून उभे राहा.