दुसरी सिस्टिम कोण वापरतं?

चहा येऊन राहिला, तोवर मीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या घरी गेलात की आबा हा किस्सा सांगतील, आणि आबांच्या सांगण्यात मी जेवढा येडा दिसतो तेवढा मी नाही. थोडा कमी आहे.

तर मी सेनगावच्या एका शाळेत गणित शिकवतो, राहायला साखऱ्याला. घरात माझे वडील आबा, बायको शारदा, आणि बाहेर शेळ्या-मेंढ्या. शारदा पशुसखी आहे. म्हणजे गावोगावच्या बायांच्या शेळ्या तपासायच्या, जंताचं औषध पाजायचं, कोणत्या शेळीला काय झालं ते वेळेत ओळखायचं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर माझी ओळख 'शारदाबाईचे मालक' अशीच आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. घरातलं कॉम्प्युटरचं खातं तेवढं माझ्याकडे होतं, अशी माझी समजूत होती.

हा कॉम्प्युटर जुना. हिंगोलीला राहणारे आमच्या शाळेतले पठाण सर एकदा घरी आले, त्याचं रेंगाळणं बघून म्हणाले, "सर, विंडोज बहुत धीमा चलता इसमें. बाजू में लिनक्स बी डालके देताऊं." आणि टाकून गेले. तेव्हापासून एकाच डब्यात दोन सिस्टिम. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर लिनक्स, खाली विंडोज. खालचा बाण दाबला की विंडोज. काहीच न दाबता बसून राहिलं की जरा वेळानं आपोआप लिनक्स.

मी नेमानं बाण दाबायचो. लिनक्स मी कधी उघडलंच नाही.

एका रविवारी विंडोजनं सांगितलं, जागा संपली. बघतो तर काय, अर्धी डिस्क त्या लिनक्सनं अडवून ठेवलेली. कोणी वापरत नाही, काही करत नाही, नुसतं पसरलंय. आपल्या वावरात दुसऱ्यानं येऊन पाल ठोकावं तसं झालं मला. ठरवलं, आज ह्याला काढायचं. आणि मी एकदा ठरवलं की मग ऐकत नसतो, हे वर्गातल्या पोरांना विचारा.

पण तुम्ही म्हणाल, घरात विचारायचं तरी. विचारलं ना. मी काय हुकूमशहा आहे?

शारदा भाकरी थापून राहिली होती. दारात उभा राहून मी विचारलं, "कॉम्प्युटरमधली ती दुसरी सिस्टिम तू वापरतेस का गं?"

"कोणती दुसरी?"

"ती नाही का, जी आपण उघडत नाही."

"उघडतच न्हाई तर वापरीन कशी?" भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली. आता ह्याच्यात काही खोट दिसते का तुम्हाला? मलाही दिसली नाही.

आबा अंगणात बसून एका पाटीचं खूर तासून राहिले होते. पाट म्हणजे वयात आलेली शेळी. त्यांनाही विचारलं. "आबा, कॉम्प्युटरमधी दोन सिस्टिम आहेत. दुसरी काढून टाकू का?"

"एकीवर काम बराबर चालून राहिलं ना?"

"चालतं की."

"मग दुसरी काहून पोसायची? दे काढून."

सगळ्यांची मंजुरी मिळाली. मी बसलो. डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी उघडली, लिनक्सच्या भागावर गेलो, 'डिलीट' म्हणालो. कॉम्प्युटरनं विचारलं, हा भाग दुसऱ्या सिस्टिमचा असू शकतो, खात्री आहे का? मी म्हणालो, खात्री नसती तर रविवारचा असा बसलो असतो का? येस.

एका झटक्यात गेलं. इतकं सोपं, की मला जरा हळहळच वाटली. मोकळी जागा डोळे भरून पाहिली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एवढंच, 'ग्रब रेस्क्यू', आणि पुढं एक रेघ लुकलुकत होती.

आबा हात पुसत मागं येऊन उभे राहिले. "काय म्हणून राहिलं ते?"

"वाचवा म्हणून राहिलं."

"कोणाला?"

आता मला कळतं की सुरुवातीला ती दोन नावं दाखवणारा जो दारवान होता, तो लिनक्सच्या घरात राहत होता. मी घर पाडलं, दारवान गेला. विंडोज आत ठणठणीत होतं, पण दार उघडणारं कोणी नव्हतं. हे त्या वेळी कळलं असतं तर तिथंच थांबलो असतो. पण थांबायचं कसं? मी तर ठरवलेलं होतं.

कपाटातून विंडोजची सीडी काढली. म्हटलं, दुरुस्ती करू. सीडी टाकली. पडद्यावर बरंच काही विचारलं जाऊ लागलं आणि मी प्रत्येकाला होकार देत गेलो. एका ठिकाणी 'रिपेअर' असं बारीक अक्षरात होतं म्हणे. मला मोठ्या अक्षरातलं 'इन्स्टॉल' दिसलं. पुढं 'फॉरमॅट' दिसलं. मला वाटलं, लिनक्सची काही घाण उरली असेल, ती धुऊन निघेल. त्यावर टिचकी मारली. फायली उतरू लागल्या, टक्के वाढू लागले, आणि अर्ध्यावर लाईट गेली.

तेवढ्यात शारदा पदराला हात पुसत आली. "अवो, लाईट आली की जरा सरका. मंगळवारचं एकडाव बघून घेते."

"मंगळवारचं काय?"

"कळमनुरीला बायांना शिकवायचं न्हाई का मला? सगळे फोटो ह्याच्यातच हायेत. रोगी शेळीची पापणी आन् चांगल्या शेळीची पापणी, खुरं, जिभा, सगळं एकाखाली एक लावून ठिवलंय."

मी विचारलं, "कुठं ठेवलंय?" माझा आवाज मला जरा लांबून आल्यासारखा वाटला.

"कॉम्प्युटरमधी. दुसरं कुठं?"

"म्हणजे, चालू केल्यावर तू काय करतेस?"

"काही न्हाई. बटन दाबते आन् आबांना चहा देऊन येते. तोवर उघडतंय आपोआप."

आपोआप. म्हणजे लिनक्स.

झालं होतं असं. मी शाळेत गेलो की ही आणि आबा मिळून कॉम्प्युटरवर बसायचे. आबा सांगायचे, हे दुखणं असं सुरू होतं, ते तसं दिसतं, आणि ही तसे फोटो काढून ओळीनं लावायची. मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून तिथले फोटो तिनं पुसून टाकलेले. दोन वर्षांत मेलेल्या-जगलेल्या सगळ्या शेळ्यांची दुखणी त्या एका ठिकाणी होती.

"मी तुला विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय विचारलं होतं?"

"दुसरी सिस्टिम वापरतेस का म्हणून."

"मी तर पहिलीच वापरत होते," शारदा म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली आणि बंद पडद्याकडं बघत राहिली. "त्यातल्या कितीक शेळ्या आता न्हाईतच," ती म्हणाली. "त्यांचे फोटो पुन्हा कुठून काढू?"

आणि खरं सांगतो, ते ऐकून पुन्हा माझा तो निर्धार वर आला. मंगळवारच्या आत हे परत आणायचं. मी पठाण सरांना फोन लावला आणि काय काय दाबलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा ओळीनं सांगायला लावलं.

"समझे क्या, सर?" मी विचारलं.

"हूं. सर, अब एक काम करो. कुछ बी मत करो. लाईट आई तो बी चालू मत करो. डब्बा उठाव और सीधा मेरे घर लेके आव."

आबा म्हणाले, मीही येतो. डबा उघडा नेला तर धक्के बसतील म्हणून त्यांनी आपली घोंगडी आणली, त्यात तो नीट गुंडाळला आणि मोटारसायकलवर माझ्या मागं मांडीवर घेऊन बसले. एक हात खाली, एक हात वरून. आजारी कोकरू न्यायची हीच रीत आहे आमच्याकडं.

त्यामुळं जे व्हायचं ते झालं. सेनगावात ओळखीच्या एकानं हात दाखवून गाडी थांबवली.

"काय झालं हो आबा कोकराला?"

"काय ठावं," आबा म्हणाले. "सकाळी बरं होतं. ह्यानं कायतरी पाजलं."

"श्वास घेतंय का?"

आबांनी घोंगडीवर कान टेकवला. "न्हाई."

तो माणूस माझ्याकडं ज्या नजरेनं बघत राहिला ती मी विसरलो नाही. पुढं हिंगोलीत शिरताना चहाच्या टपरीवर पठाण सरांच्या गल्लीचा रस्ता विचारला, तर टपरीवाल्यानं घोंगडीकडं बघून परस्पर जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. वर म्हणाला, "आज इतवार है, पर कंपाउंडर मिल जाएगा." आबांनी त्याचे आभार मानले. मी गाडीला किक मारली.

पठाण सरांनी डबा टेबलावर घेतला, आपला पडदा जोडला, एक पेन ड्राइव्ह लावला. "डिलीट किया तो सिर्फ नाम मिटता, सर. माल वहींच रहता, जब तक उसके ऊपर दूसरा कुछ नै लिखे. आपने लिखा सो विंडोज की जगह पे लिखा. ढूंढेंगे."

मग शोध सुरू झाला. पडद्यावर आकडे सरकत राहिले. वहिनींनी चहा दिला, तो मी तसाच धरून बसलो. आबा खुर्चीत न बसता टेबलाला लागून उभे होते. लाईट तिथंही जाईल का, ही एकच भीती माझ्या डोक्यात घोंगावत होती. मी पंख्याकडं बघत होतो. पंखा हळू झाला की माझा श्वासही हळू व्हायचा.

बऱ्याच वेळानं सरांनी एक फोल्डर उघडलं. पडद्यावर मोठीच्या मोठी एक शेळीची पापणी आली. आतून पांढरी फटक.

"ही आपली चांदी," आबा म्हणाले. "गेली ती." मग त्यांनी घोंगडीचं टोक डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "पुढचा लाव."

पुढचा लागला. त्याच्या पुढचाही. सगळे होते. मी शारदाला फोन लावला, तर आबांनी तो माझ्या हातातून घेतला. "पोरी, घावलं सगळं. भाकरी खाऊन घे."

पठाण सर काम उरकत होते. "सर, ये लिनक्स अब बराबर चालू होता. वो दूसरी आधी पडी हाय, उसका क्या करना? निकाल दूँ? जगह इसकोच मिल जाएगी."

मी त्या वेळी फार मोठ्या मनाचा झालो होतो. "काढा सर," मी म्हणालो. "जे कोणी वापरत नाही ते काढूनच टाका."

मंगळवारी मी रजा टाकून कळमनुरीला गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो. शारदानं पेन ड्राइव्हमधून तिथल्या पडद्यावर चांदीची पापणी दाखवली आणि विचारलं, हिला काय झालं असंल? बायांनी आधी एकमेकींकडं पाहिलं. मग एक आजी उठल्या, "माझी बी अशीच गेली. जंत होते का गं?" आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. शारदा एकेकीला उत्तर देत होती. येताना ती गाडीवर मागं बसून गुणगुणत होती, म्हणजे मला माफी होती.

इथं संपलं असतं तर मी हा किस्सा 'मी कसं वाचवलं' म्हणून सांगितला असता. पण त्यानंतर आठवडाभरानं एका संध्याकाळी मी निवांत कॉम्प्युटरपुढं बसलो. चालू केला. बोट खालच्या बाणावर ठेवून ती दोन नावं यायची वाट बघू लागलो. नावं आलीच नाहीत. थेट लिनक्स उघडलं. बंद केला, चालू केला. पुन्हा तेच.

पठाण सरांना फोन लावला. "सर, मेरा विंडोज किधर गया?"

"आपनेच तो निकालने बोले, सर. दूसरी."

"दुसरी म्हणजे मला लिनक्सचा उरलेला कचरा वाटला."

"लिनक्स तो पहिली थी ना, सर," पठाण सर शांतपणे म्हणाले.

म्हणजे आठ-दहा दिवस घरात विंडोज नव्हतं आणि त्याची उणीव कोणालाच भासली नव्हती. मलासुद्धा नाही. शारदानं माझं तोंड बघितलं आणि तिला खरंच वाईट वाटलं. शेजारी येऊन बसली.

"काय काय गेलं हो तुमचं? सरांना पुन्हा शोधायला लावू आपण."

मी आठवू लागलो. प्रश्नपत्रिका? त्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर. निकाल? तेही तिथंच. फोटो? मी काढतच नाही. शारदा वाट बघत होती. मी म्हणालो, "म्हणजे तसं, बारीकसारीक कामाचं होतं."

आबा ओट्यावरून म्हणाले, "कामाचं म्हंजे अधूनमधून सांजच्याला तो पत्त्यातल्या राजाच्या खाली राणी आन् राणीच्या खाली गुलाम लावत बसतो ते का?"