भाजावळ नसलेला मे

कुडाळला गाडीतून उतरलो आणि आधी भरपूर श्वास घेतला. मे महिन्यात इथे उतरलं की भाजावळीचा (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याचा) धूर नाकात शिरायचा आणि घरी आल्यासारखं वाटायचं. आता ते घर विकूनही वीस वर्षं झाली. यंदा धूर कुठेच नव्हता. गावाचं वळणही मला ओळखू आलं नाही, ते रिक्षावाल्याने दाखवलं. वाटेत त्याला मी इथलाच म्हणून ऐटीत सांगितलं होतं, त्यामुळे चांगलीच फजिती झाली.

उतरलो आमचे जुने शेजारी भिकूकाका यांच्याकडे. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून रोज शेतावर. त्यांच्या सुनेने, वैशालीने, लाल तांदळाची पेज आणि सुकटाची चटणी वाढली. पहिल्याच घोटाला गलबलून आलं. हा तांदूळ मधल्या काळात गावातून जवळजवळ नाहीसा झाला होता.

"आधी सांगल्यानी, लाल भात सोडा, संकरित लावा," काका हसत म्हणाले. "आता सांगतत, लालच लावा, खत नको. आमी आपले लावतव."

बाकीचं वैशालीने समजावलं. सेंद्रिय शेतीच्या योजनेत गावातल्या शेतकऱ्यांचा गट झाला होता आणि त्याच्या नोंदी ती ठेवायची. रासायनिक खत नाही, शेतात जाळपोळ नाही, अशी तीन वर्षं काढली की गटाच्या तांदळाच्या पिशवीवर सेंद्रियचा शिक्का. तिसरं वर्ष या पावसाळ्यात पुरं होणार होतं. मी मात्र जेवताना माझंच टुमणं लावलं होतं, की धुराशिवाय मे महिना मे वाटतच नाही.

सकाळी काकांनी मला खुणेनेच शेतात नेलं. कुणग्याच्या (भातशेताच्या छोट्या तुकड्याच्या) कोपऱ्यात त्यांनी पाला रचून ठेवला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी काडी ओढली. तो वास आला आणि मी चक्क रडलो. त्यांना थांबवायला हवं होतं, हे मला सुचलंही नाही.

धूर पाहून वैशाली धावत आली, तोवर राख झाली होती. राखेकडे बघत ती मनात हिशेब करू लागली. नोंद केली तर या कुणग्याची तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. लपवलं आणि कळलं, तर सगळा गट बाद. मी घाईघाईने म्हणालो, चूक माझी आहे, काकांनी माझ्यासाठी केलं.

"तेच्यासाठी नाय गो," काका म्हणाले. "माकाच तो वास व्हयो होतो. लिव तू."

तिने घरातून वही आणून तिथेच उभ्याने नोंद केली. मग काकांच्या सदऱ्यावरची राख हाताने झटकली.

दुपारच्या गाडीने परत निघालो. गाव सोडलं म्हणूनच मला त्याची एवढी आठवण येते, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती. भिकूकाकांनी तर गाव कधी सोडलंच नव्हतं.