मेलेल्या माव्यावर बुरशी दिसेना

मंडळी, मागच्या आठवड्यातली माझी पोस्ट खोटी होती. मलाच ते आज कळलं.

खुलताबादच्या आमच्या मोसंबीवरचा मावा मी फवारलेल्या जैविक बुरशीनं मेला, असं मी फोटोसकट लिहिलं होतं. तुम्ही लई कौतुक केलं. पहिली शाबासकी माझ्या अप्पांची होती, "लेकीनं करून दाखवलं!"

बुरशीनं मेलेल्या किड्यावर पांढरी लव उगवते. तिचा जवळून फोटो काढावा म्हणून आज सकाळी भिंग घेऊन झाडाखाली बसले. मावा मेलेला होता, पण नुसता काळा, वाळलेला. लव एकावरही नाय.

रासायनिक फवारणी करायची नाय, असं आमचं ठरलं होतं. अप्पांना विचारलं, तर ते पाइप गुंडाळतच राहिले. मग म्हणाले, "तू बुरशी फवारून शहरात गेलीस, अन् दुसऱ्या दिवशी मी जालीम औषध मारलं. मावा मेला नसता, तर गावात तुझं हसं झालं असतं, बाई."

"मग शाबासकी कशाला दिली?"

अप्पा पाइप खांद्यावर टाकून घराकडे निघाले.

माझा फोटो बघून कुणी बुरशी फवारली असेल, तर सांगा, तुमच्या माव्यावर लव आली का? मला बरं वाटावं म्हणून मात्र काही लिहू नका.