डॅनी कोण?

सुमित्रा वैरागडे नागपूरला महाल भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे यजमान गेले आणि मुलगा ऋषी त्यांना आपल्याकडे श्रूजबरीला घेऊन आला. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव वूस्टर शहराला खेटून आहे. गावात मराठी, तेलुगू, गुजराती कुटुंबं पुष्कळ. महिन्यातून एकदा भजन असायचं, गणपती व्हायचा, मंडळाच्या पिकनिक व्हायच्या. सुमित्राबाई सगळीकडे जायच्या, सगळ्यांच्या काकू झाल्या होत्या. तरी त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. पाच वर्षं आपण ज्या गावात राहतो, तिथे आधीपासून राहणारी माणसं कोण आहेत, हे आपल्याला ठाऊकच नाही. महालात त्यांना दूधवाल्याच्या सासुरवाडीचंही नाव माहीत होतं. इथे शेजारचा माणूस रोज हात हलवून "हाउ आर यू" म्हणायचा आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीत बसायचा.

"आई, तो फक्त हॅलो म्हणतोय. त्याला तब्येत सांगायची नसते," ऋषीने एकदा समजावलं होतं.

"मग विचारतो कशाला?" सुमित्राबाई म्हणाल्या होत्या.

सून शैलजाने गावाच्या सीनियर सेंटरची माहिती काढली. बुधवारी सकाळी तिथे बायकांचा एक गट हॉस्पिटलमधल्या नवजात बाळांसाठी टोप्या विणायला बसतो, न्यायला-आणायला सेंटरची व्हॅन येते. सुमित्राबाईंचा विणकामात हात चांगला होता. त्या जाऊ लागल्या.

टेबलाभोवती सात-आठ जणी असत, पण गटाचा जीव तिघींत होता. मॉरीन ही उंच, ताठ बसणारी. टोप्यांचा हिशेब आणि लोकरीची पेटी तिच्या ताब्यात. पेग गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. आयलीन शांत, विणताना ओठ हलवून टाके मोजणारी. तिघींचे आजे-पणजे आयर्लंडहून येऊन वूस्टरच्या गिरण्यांत आणि रेल्वेत कामाला लागलेले. तिघी एका शाळेत शिकल्या, एका चर्चमध्ये गेल्या, एकमेकींच्या लग्नांत करवल्या झाल्या, आणि आता पंचाहत्तरीच्या आसपास येऊन एका टेबलाला बसत होत्या.

त्या सुमित्राबाईंशी चांगल्या वागल्या. "सू" असं सोपं नाव पाडलं, कॉफी हातात दिली, त्यांच्या विणीची तारीफ केली. आणि मग आपसांत बोलायला लागल्या. सुमित्राबाईंना इंग्रजी वाचायला अडचण नव्हती, पण या बायका शब्दांतला र खाऊन टाकायच्या. कार म्हणजे का, पार्क म्हणजे पाक. शब्द कळले तरी माणसं कळायची नाहीत. जिमी, मोठा जिमी, जिमीची मार्गी, टेकडीवरचे फादर. कुणीतरी एक नाव घ्यायचं आणि सगळ्या हसायच्या. सुमित्राबाई अर्धा क्षण थांबून त्यांच्याबरोबर हसायच्या.

असं वर्षभर चाललं. एका बुधवारी सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि पेगने कुतूहलाने विचारलं, "सू, तुझंही असंच झालं होतं का?" चौकशीअंती कळलं की विषय पित्ताशयाच्या ऑपरेशनचा होता. सुमित्राबाई त्या दिवशी घरी आल्या आणि बराच वेळ चपला न काढता दारातल्या बाकावर बसून राहिल्या. वर्गात न समजता मान डोलावणाऱ्या मुली त्यांनी तीस वर्षं पाहिल्या होत्या. अशा मुलीला त्या उभं करून म्हणायच्या, समजलं नाही तर विचार, त्यात लाज नाही. आता आपणच त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीसारख्या झालो आहोत, हे त्यांना फार लागलं.

त्यांनी ठरवलं, कळल्याशिवाय हसायचं नाही. विचारायचं.

पुढच्या खेपेपासून त्या विचारू लागल्या. मार्गी कोण? मोठ्या जिमीला मोठा का म्हणतात? सुरुवातीला बायका जरा थबकल्या. पण पेगला सांगायला आवडायचं. ती सांगू लागली की आयलीन मान वर करून म्हणायची, तसं नव्हतं ते, आणि मग दोघींची जुंपायची. इतक्या वर्षांत त्या गोष्टी नुसत्या नावांवर भागत होत्या. आता नव्या माणसाला पहिल्यापासून सांगताना त्यांनाच मजा येऊ लागली. सुमित्राबाईंना वाटलं, वाट सापडली.

मग ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी पेग सेंट पॅट्रिक डेच्या, आयरिश लोकांच्या सणाच्या, जुन्या मिरवणुकीची हकिगत सांगत होती. "आणि नेमका चर्चसमोर डॅनी ढोलासकट घसरून पडला..." एवढं म्हणून ती गप्प झाली. टेबलावरच्या सगळ्या माना खाली गेल्या.

सुमित्राबाईंनी नव्या सवयीप्रमाणे विचारलं, "डॅनी कोण?"

"होता एक. जुना," पेग म्हणाली.

त्यांनी तिथेच सोडायला हवं होतं. पण एकदा नकाशा उलगडला की नदीचा उगम सापडेपर्यंत बोट न उचलणाऱ्या त्या बाई. "कुणाचा मुलगा? तोही गिरणीतल्यांचाच का?"

मॉरीनने सुया लोकरीत खुपसल्या, पेटी बंद केली, कोट घातला आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. आयलीनचा चेहरा पांढरा पडला होता. पेगने सुमित्राबाईंच्या हातावर थोपटलं आणि ती हवामानाबद्दल बोलायला लागली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे घरात सांगितलं.

"आई, इथे पर्सनल विचारत नाहीत कुणाला. प्रायव्हसी असते लोकांची," ऋषी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा वैतागही होता.

"नाव त्यांनीच घेतलं होतं," शैलजा म्हणाली. "आईंनी नुसतं विचारलं."

"आजी, इट्स ओके. यू डिडन्ट नो," पंधरा वर्षांची नात सलोनी म्हणाली आणि पाठीवरून हात फिरवून गेली.

पण सुमित्राबाईंचं मन उतरलं. पुढच्या बुधवारी त्यांनी व्हॅनला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही. वर्षभर खपून एक खुर्ची मिळवली आणि एका प्रश्नात घालवली, असं त्यांना वाटत राहिलं. त्याहून जास्त त्रास याचा होता की नेमकं काय मोडलं, ते त्यांना माहीत नव्हतं.

एका दुपारी बेल वाजली. दारात आयलीन उभी होती. हातात सुमित्राबाईंची सेंटरमध्ये राहिलेली विणकामाची पिशवी.

"ही राहिली होती," ती म्हणाली. पिशवी दिल्यावरही ती वळली नाही.

"आत या. चहा करते," सुमित्राबाई म्हणाल्या. आयलीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. आल्याचा चहा तिने जपून चाखला आणि कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

"डॅनी माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गावाच्या कडेला लांबलचक तळं आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात तिथून परत येताना डॅनी गाडी चालवत होता. प्यायलेला होता. शेजारी त्याचा जिवलग मित्र केविन, मॉरीनचा भाऊ. गाडी झाडावर गेली. केविन जागीच गेला. डॅनी तुरुंगात राहून आला, पण या गावात त्याला कुणी कामाला ठेवेना, तो ॲरिझोनाला निघून गेला. तिघी मैत्रिणी पुन्हा एकत्र बसू लागल्या त्या एका अटीवर. अट कुणी बोलून दाखवली नव्हती. दोन्ही नावं घ्यायची नाहीत, एवढंच.

"गेल्या हिवाळ्यात डॅनी वारला," आयलीन म्हणाली. "तिथल्या शेजाऱ्याने कळवलं. आमच्यात माणूस गेलं की लोक जमतात, रांग लावून भेटतात, खातात-पितात, त्याच्या आठवणी काढून हसतात सुद्धा. मी काहीच केलं नाही. टेबलावर कुणाला सांगितलंही नाही. सांगून मॉरीनला कशाला संकोचात टाकू?"

सुमित्राबाईंना त्यांचे यजमान गेले तेव्हाचे दिवस आठवले. तेरा दिवस माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण शेजारी टेकायचा आणि तेच विचारायचा, कसं झालं हो? त्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. दहाव्या-बाराव्यांदा सांगताना आवाज कापेनासा झाला होता आणि छातीवरचं दडपण थोडं हललं होतं. इथे ही बाई दहा महिने एकटीने ते घेऊन टाके मोजत बसली होती.

त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि त्यांनी गावाकडे विचारतात तसंच विचारलं, "कसं झालं?"

आयलीन बोलू लागली. हॉस्पिटल, फोन, मग मागे मागे जात लहानपण. डॅनी गुपचूप मार खायचा पण बहिणीचं नाव सांगायचा नाही. त्याला ढोल अजिबात वाजवता येत नसे, केवळ मिरवणुकीत पुढे चालायला मिळावं म्हणून तो गळ्यात अडकवायचा. सांगताना ती हसली आणि मग रडली. सुमित्राबाईंना सगळे शब्द कळले नाहीत. मधे एकदा तिने विचारलं, "तुझा नवरा कसा होता?" या देशात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. इंग्रजीत कुठून सुरुवात करावी ते सुचेना. "ते फार हळू जेवायचे," त्या म्हणाल्या. आयलीनला ते पुरेसं वाटलं असावं, कारण तिने मान हलवली आणि म्हणाली, "माझाही."

नोव्हेंबरात आयलीनने चर्चमध्ये डॅनीच्या नावाने छोटी प्रार्थना ठेवली. शैलजाने सुमित्राबाईंना सोडलं. इतर लोक उठले की त्या उठल्या, बसले की बसल्या. पेग आली होती. मॉरीन आली नाही.

सुमित्राबाई पुन्हा सेंटरला जाऊ लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मॉरीनजवळ जाऊन माफी मागितली.

"तुला माहीत नव्हतं," मॉरीन म्हणाली आणि पेटीत लोकर शोधू लागली. त्यात राग नव्हता, पण आत शिरायला दारही नव्हतं. टेबलावर आता पूर्वीसारखं हसणं होत नसे. आयलीन आणि मॉरीन दोन टोकांना बसत. आपण यायच्या आधी या तिघी सुखात होत्या, असं सुमित्राबाईंना वाटायचं. सुखात की नुसत्या गप्प, हेही मनात यायचं, पण त्याचं उत्तर देणारे आपण कोण.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका बुधवारी बर्फ पडला आणि फारशा कुणी आल्या नाहीत. टेबलाशी मॉरीन, आयलीन आणि सुमित्राबाई एवढ्याच होत्या.

"तू डॅनीबद्दल विचारलंस," मॉरीन अचानक म्हणाली. ती सुमित्राबाईंकडेच बघत होती. "चर्चमध्येही गेलीस, असं कळलं. केविनबद्दल नाही विचारलंस."

सुमित्राबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. आयलीनकडे त्यांनी पाहिलं नाही. "तुम्हाला त्रास होईल असं वाटलं," त्या म्हणाल्या. "सांगा ना. केविन कसा होता?"

मॉरीन सांगू लागली. केविन एकवीस वर्षांचा होता. पोहण्यात त्याला कुणी हरवलं नव्हतं. शिट्टी इतकी जोरात वाजवायचा की आई खिडकीतून ओरडायची. सांगता सांगता तिचा आवाज भराभर होऊ लागला, र गळून पडू लागले. "त्या उन्हाळ्यात त्या दोघांनी एक मोडकी होडी विकत घेतली. दिवसभर अंगणात घासत बसायचे. हिरवा रंग दिला तिला..."

"निळा," आयलीन म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

मॉरीन थांबली.

"निळा होता," आयलीन पुन्हा म्हणाली. "डॅनीच्या पँटला लागला होता. मी धुतली ती पँट."

सुमित्राबाईंच्या मनात आलं की आता कोट घालून मॉरीन उठेल.

"हिरवा मला आठवतो," मॉरीन म्हणाली. मग थोड्या वेळाने, "निळा असेल. तू धुतलीस तर निळाच असेल." आणि तिने पुढे सांगायला सुरुवात केली, की ती होडी पहिल्याच दिवशी कशी गळली आणि दोघे कसे ओलेचिंब होऊन मागच्या दाराने घरात शिरले. आयलीनने मधे एकदा भर घातली. सुमित्राबाईंनी विणकाम पुन्हा हातात घेतलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मॉरीन आणि आयलीन टोकांनाच बसत राहिल्या. नाताळच्या आधी दरवर्षीप्रमाणे मॉरीनकडे बायकांचं जेवण होतं, त्याचं बोलावणं सुमित्राबाईंना आलं नाही. शैलजाला राग आला.

"एवढं सगळं झाल्यावरही बोलावलं नाही?"

"अगं, पन्नास वर्षांची पंगत आहे त्यांची," सुमित्राबाई म्हणाल्या. "मधेच पाट मांडून मी कशी बसणार." त्यांना वाईट वाटलंच नाही असं नव्हतं. त्या दुपारी त्या बर्फातून उगाचच कोपऱ्यापर्यंत चालून आल्या. पण महालात नवी बिऱ्हाडकरू आली तर तिला हळदीकुंकवाचं बोलावणं जायला किती वर्षं लागायची, तेही त्यांना आठवलं. आपणही तेव्हा कुणासाठी सरकून जागा केली होती असं नाही.

जेवणानंतरच्या बुधवारी मॉरीन उरलेला फळांचा केक डब्यात घालून घेऊन आली आणि पहिला तुकडा सुमित्राबाईंपुढे ठेवला. केक अगदी कोरडा होता. ते पेगनेच आधी बोलून दाखवलं, त्यामुळे सुमित्राबाईंना खोटं बोलावं लागलं नाही.